गारव्याची रंगीत तालीम

"थंडाव्याचं मला कुणी शिकवू नये," असं फ्रिजकाका म्हणत, आणि जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? दूरदेशी लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून काका-काकू विमानाने निघणार होते. घोर एकच होता: काकांचं इन्सुलिन वाटेत तापता कामा नये आणि गोठताही कामा नये.

काकांनी गार राहणारी पिशवी आणली आणि रंगीत तालीम लावली. औषध वाया नको म्हणून जुन्या कुप्यांत साधं पाणी भरलं, घोळ नको म्हणून प्रत्येकीवर 'तालीम' अशी चिठ्ठी डकवली, भोवती बर्फ रचून मधे थर्मामीटर खुपसला आणि पिशवी गच्चीवर भर उन्हात ठेवली. पण आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय काकांना चैन कुठलं? जरा वेळ गेला की चेन उघडायची, डोकं आत घालायचं आणि "अरेच्चा, चढलं की" म्हणायचं. संध्याकाळपर्यंत पाणी असं तापलं की नुसती चहापूड टाकायची बाकी होती.

"पिशवीच खराब दिसतेय," काका म्हणाले.

"पिशवीला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. "फ्रिज सारखा उघडू नका म्हणून गिऱ्हाइकांना झापायचात ना? लोका सांगे ब्रह्मज्ञान."

हे काकांना झोंबलं. निघायच्या दिवशी त्यांनी आतला बर्फ तेवढा बदलला, चेन लावली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि विमानतळ येईपर्यंत मोह आवरला. वाटेत पिशवी नुसती चाचपत राहिले.

तपासणीच्या अधिकाऱ्याने ती उघडायला घेतली.

"साहेब, गारवा जाईल हो. इन्सुलिन आहे," काका कळवळले.

अधिकाऱ्याने एक कुपी उजेडात धरली. "काका, ह्यावर 'तालीम' लिहिलंय."

काकांनी बाकीच्या कुप्या उपसल्या; सगळ्या तालमीच्याच. खरं इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये आरामात पडलं होतं. विमान थांबणार नव्हतं, आणि औषधाशिवाय चढणं म्हणजे जिवाशी खेळ. "तू जा. बाळाला माझ्या वाटचंही बघ," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी पर्समधून एक छोटी पिशवी काढली. आत इन्सुलिन होतं, छान गार.

"हे कुठून आणलंस?"

"शेजारणीच्या फ्रिजमधून. तुमचं अर्धं औषध मी नेहमी तिच्याकडेच ठेवते."

"अगं, आपल्या घरात फ्रिज असताना?"

काकू अधिकाऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आमचा फ्रिज ह्यांनीच दुरुस्त केलाय."