ज्ञ राहिला होता

त्या गुरुवारी दादाच्या हातातून बोरू पडला.

त्याआधी माझ्या थोरल्या भावाला फक्त तेलाची भीती होती. आमच्या घराण्यातली एक हस्तलिखित पोथी कोकणातून मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली होती. तिच्यातल्या अक्षरांवरून तो दुकानांच्या पाट्यांसाठी, मथळ्यांसाठी नवा फॉन्ट करत होता. जुने पोथी लिहिणारे शेवटच्या पानावर बजावून ठेवत, तेलापासून जपा, पाण्यापासून जपा. लोक ते वाचून पोथी मिटतात. दादाने ते घराचे नियम केले. केसांना तेल मी रविवारीच लावायचं, तेही त्याला सांगून. भजी गॅलरीत उभं राहून खायची. शेजारचे दळवीकाका आले की त्यांना दोनदा साबणाने हात धुवावे लागत.

"अरे, चहाला बोलावलंस की सत्यनारायणाला?" ते विचारत.

दादा शांतपणे टॉवेल पुढे करी. "अक्षराला इजा नको," हे त्याचं पालुपद.

बोरू पडला, तेव्हा डॉक्टरांनी कंपवात सांगितला. घरी येताना रिक्षात दादा, ज्ञ राहिलाय, त्याचं काय, एवढंच म्हणाला. बाकीची अक्षरं झाली होती. ज्ञ अवघड, म्हणून त्याने तो शेवटी ठेवला होता.

मग घरात निराळी भीती राहायला आली. रोज सकाळी तो कागदावर बोरूने एक उभी रेघ ओढायचा आणि विचारायचा, "सरळ आहे ना गं?" रेघ वळवळत खाली आलेली असायची. मी चष्मा पुसत बसायची. लोकांसमोर तो हात खिशात ठेवी. भर मे महिन्यात त्याने दळवीकाकांना थंडी वाजते म्हणून सांगितलं. काकांनी पंखा बंद केला आणि दोघे घाम पुसत चहा प्यायले.

फॉन्टचं संगणकावरचं काम पवईहून येणारी सई करायची. तिने समजावलं, सर, तुम्ही कसाही काढा, रेघ मी सरळ करून देते, कोणाला कळणार नाही.

"मला कळेल ना," दादा म्हणाला. सरळ केलेल्या रेघेत लिहिणाऱ्याचा हात उरत नाही, याची त्याला धास्ती होती.

एका दुपारी त्याने मला हाक मारली. कागद मांडलेला, बोरू शाईत.

"हात धर माझा."

लहानपणी त्याने असाच माझा हात धरून मला पाटीवर गिरवायला शिकवलं होतं. मी धरला. त्याचं मनगट किती बारीक झालंय ते तेव्हा कळलं, आणि मी पकड घट्ट केली.

"घट्ट नको धरूस. पण रेघ संपेपर्यंत सोडूही नकोस," तो म्हणाला. मग हळूच, "एकट्याला भीती वाटते गं."

ज्ञ उतरला. एका जागी आमचे दोघांचे हात अडखळले, तिथे रेघ जाड झाली. ती नीट करू का, असं सईने विचारलं. दादाने तिच्यापुढे चहा ठेवला आणि राहू दे म्हणाला.

त्याला जाऊन आता वर्ष होत आलं. फॉन्ट आहे. मुलुंडला पाच रस्त्याजवळ एका क्लासच्या पाटीवर तो ज्ञ आहे, जाड रेघेसकट.