संयमित चवीची सहल

माणसाला भूक लागते हे खरं असलं, तरी सुसंस्कृत समाजाने ते कधी मनावर घेतलेलं नाही. भूक लागली की मिळेल ते खाणारे पुष्कळ. पण खाण्याआधी पदार्थाची कुळकथा ऐकणारे, ताटलीकडे मान कलती करून पाहणारे आणि घास गिळल्यावर त्याच्यासाठी विशेषण शोधणारे लोक जिथे एकवटले, तिथेच संस्कृती उभी राहिली. द्राक्षमळ्यांच्या आणि वाइनच्या तळघरांच्या मुलखात ती इतकी ताठ उभी आहे, की तिथे बसून पोटभर जेवणं जवळजवळ बंद झालं आहे. (एक अपवाद पुढे येईल. तो चार पायांचा आहे.)

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक निरीक्षक या मुलखात दोन दिवस जाऊन आले, ते हौसेने नव्हे. ते सासूबाईंच्या गुडघ्यासाठी गेले.

सासूबाईंना दोन मुली. थोरली निरीक्षकांची बायको, धाकटी त्यांच्या साडूंची. थोरलीच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला धाकटीने एक घास घेतला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं ताई, सगळं अळणी आहे गं!" त्या दिवसापासून सहा वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. भांडल्याही नाहीत, कारण भांडायला बोलावं लागतं. "तिला सांगा, आईच्या गोळ्या संपल्यात," हे वाक्य थोरलीकडून निरीक्षकांकडे, निरीक्षकांकडून साडूंकडे आणि साडूंकडून त्याच खोलीत समोर बसलेल्या धाकटीकडे जायचं. उत्तर त्याच मार्गाने परत. (टपालखात्याला लाजवील अशी सेवा होती. एकही निरोप गहाळ झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं.)

मग सासूबाईंचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया आता केली तर चालाल, नाहीतर चाकांची खुर्ची धरा. सासूबाई म्हणाल्या, "या दोघी माझ्या उशाशी एकमेकींशी बोलताना दिसल्या, तरच मी भूल घेईन. नाहीतर खुर्ची आणा." डॉक्टरांनी समजावलं, जावयांनी समजावलं. म्हातारी आपली हट्टाला चिकटून.

तेव्हा दोघे साडू गच्चीवर भेटले. धाकट्या साडूंनी नुकताच दोन शनिवार-रविवारांत वाइनचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि तेव्हापासून ते घरातलं पाणीसुद्धा आधी हुंगून मग पीत. ते म्हणाले, "साडूभाऊ, चांगलं खाणं-पिणं माणसाला मऊ करतं. दोघींना मळ्यात नेऊ. एक रात्र उत्तम जेवण, दुसऱ्या दिवशी झाडाखाली सहल. नाही बोलल्या तर नाव बदलीन." निरीक्षकांना नावाशी देणंघेणं नव्हतं, पण निरोप पोचवून पोचवून त्यांचा घसा बसला होता. ते हो म्हणाले.

पहिल्या रात्रीचं हॉटेल त्या मुलखात फार नावाजलेलं होतं. दिवे इतके मंद होते की समोरचं माणूस आपलंच आहे हे अंदाजाने ठरवावं लागे. ताटल्या परातीएवढ्या होत्या. त्यांच्या मधोमध, मोठ्या मैदानात चुकलेल्या पोरासारखा, पदार्थ उभा असे. पहिला पदार्थ गाजर होता. (एक.) वेटरने हात मागे बांधून सांगितलं, "या गाजराच्या शेतात कुणीही मोठ्याने बोलत नाही. ते तुम्हाला चवीत जाणवेल."

निरीक्षकांनी उभी हयात वजनात मारणारे दुकानदार पकडण्यात घालवली होती. इथे वजनात मारण्याला कला म्हणत होते आणि मारणाऱ्याला बाहेर बोलावून टाळ्या वाजवत होते. निवृत्त झाल्याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दुर्दैवाने गाजर अळणी होतं. त्यानंतरची वांग्याची चकतीही अळणी, आणि तिच्यावर ओतलेला, वेटरच्या म्हणण्याप्रमाणे पहाटेच्या धुक्यातून काढलेला, रसही अळणी. टेबलावर मीठ नव्हतं. मागायची पद्धत नव्हती. चौघांनाही एकच शब्द आठवत होता आणि चौघांनीही तो गिळला. (त्या रात्री पोटात गेलेला सर्वांत भरीव पदार्थ तोच.) धाकटीचे ओठ दोनदा हलले. थोरली तिच्याकडे मांजर बिळाकडे पाहतं तशी पाहत होती. शेवटी धाकटे साडू डोळे मिटून म्हणाले, "काय संयमित चव आहे!"

इथे त्या मुलखाच्या परिभाषेबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यावाचून तिथे पाणीही मिळत नाही. अळणी असेल त्याला संयमित म्हणतात. आंबट असेल ते धीट. कच्चं राहिलं असेल तर प्रामाणिक. जळलं असेल तर त्याला स्मृती असतात. ज्याचा दुसरा घास कुणीच घेत नाही, ते संवाद साधू पाहणारं. 'चांगलं आहे' असा शब्दप्रयोग प्रचारात नाही. चुकून कुणी केलाच तर आचाऱ्याला वाईट वाटतं.

दोघी बहिणी सगळा वेळ गप्प बसलेल्या पाहून आत निरोप गेला, आणि मुख्य आचारी स्वतः बाहेर येऊन, हात छातीशी धरून म्हणाले, "इतके तल्लीन पाहुणे फार वर्षांनी आले." चौघे उपाशी उठले.

दुसऱ्या दिवशी सहलीचं सामान जमवायचं होतं. निरीक्षकांची समजूत अशी की सामान दुकानात असतं आणि ते पिशवीत भरतात. ती शहरातली समजूत. इथे पाव पाववाल्याकडे, चीज चीजवालीकडे, ऑलिव्ह तिसऱ्या गावात, टोमॅटो चौथ्या. आणि विकत घेण्याआधी आपण त्या वस्तूला लायक आहोत हे सिद्ध करावं लागे. पाववाल्याने आंबवलेल्या पिठाचं मडकं दाखवलं. ते पीठ त्याच्या पणजोबांच्या वेळचं होतं आणि घरात त्याला विचारल्याशिवाय सोयरिकी ठरत नसत. टोमॅटोवाली म्हणाली, "आज नका नेऊ. आज त्यांचं मन नाही." धाकट्या साडूंनी तिचे आभार मानले. निरीक्षकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

चीजवाली दगडी तळघरात बसली होती. तिने चष्म्यावरून विचारलं, "जेवताना बोलणार आहात, की गप्प बसणार?"

"म्हणजे?" निरीक्षक म्हणाले.

"बोलणाऱ्यांचं चीज निराळं. ते मऊ. गप्प बसणाऱ्यांना टणक देते मी, चावायला वेळ जातो, अवघडल्यासारखं होत नाही."

निरीक्षकांनी मागे वळून पाहिलं. दारात दोघी बहिणी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. "मिश्र द्या," ते म्हणाले. मग घुटमळून म्हणाले, "नाही, मऊच द्या. मोठा तुकडा."

मग वाइन. तळघराच्या मालकाने चार पेले भरले आणि शेजारी पितळी भांडं ठेवलं. धाकट्या साडूंनी घोट तोंडात घोळवला, छताकडे पाहिलं आणि तो भांड्यात थुंकला.

"अहो, बाधली का त्यांना?" थोरलीने नवऱ्याला हळूच विचारलं.

"नाही. उत्तम आहे म्हणून थुंकले. वाईट असती तर इथवर आलेच नसते."

"आणि याचे पैसे घेतात?"

"थुंकण्याचे वेगळे नाहीत. त्यातच धरलेत."

एवढं होईतो दुपार झाली आणि खाद्यपदार्थांची सगळी दुकानं जेवायला बंद झाली. ऑलिव्ह राहिले. फळं राहिली. जमलं होतं ते एवढंच: पाव, चीज आणि न थुंकता प्यायच्या म्हणून आणलेल्या दोन बाटल्या. मळ्याच्या कडेला एका मोठ्या झाडाखाली चादर अंथरली तेव्हा आदल्या दुपारपासून कुणाच्याही पोटात धड काही नव्हतं. कावळे ओरडत होते, झाडावर आणि आतही.

निरीक्षकांनी पावाला हात घातला. धाकट्या साडूंनी तो अडवला. "थांबा, साडूभाऊ. चीज आधी बाहेरच्या हवेला आलं पाहिजे. आणि वाइन उघडली आहे, तिला श्वास घेऊ द्या."

"किती वेळ?" धाकटीने विचारलं.

"ती सांगेल."

चौघे वाइनभोवती बसले. ती श्वास घेत होती. त्या झाडाखाली तेवढी तीच सुखात होती. थोरली पदराच्या टोकाशी चाळा करत होती. धाकटी चीजकडे असं पाहत होती, जसं माणूस सुटणाऱ्या गाडीकडे पाहतो. साडू द्राक्षाच्या मुळांविषयी बोलत होते. निरीक्षकांच्या मनात आलं, उद्या म्हातारीला जाऊन काय सांगायचं? खुर्ची कुठल्या दुकानात चांगली मिळते?

आणि तेवढ्यात मळ्यातला कुत्रा आला.

तो मोठा, मळकट आणि कोणताही अभ्यासक्रम न केलेला कुत्रा होता. त्याने चीजचं मूळ गाव विचारलं नाही. ते हवेला आलंय की नाही हे पाहिलं नाही. कागदासकट तुकडा उचलला आणि वेलींच्या ओळींमधून पळत सुटला. भूक लागली म्हणून खाणारा त्या मुलखातला तो पहिलाच जीव, आणि निरीक्षकांच्या मनात त्याच्याविषयी आदर दाटून आला. त्या आदरात ते जागचे हलले नाहीत. साडूंनी बाटली सावरली.

हलल्या त्या दोघी.

"ताई, पकड त्याला! तिकडून, तिकडून!" धाकटी ओरडली.

"मी इकडून वळवते, तू कुंपणाशी जा, छोटे! अगं, धाव की!"

साठीला टेकलेल्या दोन बायका, एक चप्पल हातात घेऊन आणि एक पदर खोचून, त्या कुलीन वेलींमधून अशा धावल्या की लांबवर एका गाइडने आपल्या पर्यटकांना थांबवून काहीतरी समजावलं. कुत्रा कुंपणाखालून गेला. चीज गेलं. दोघी तिथेच मातीत बसल्या, धापा टाकत. मग थोरलीला हसू फुटलं. मग धाकटीला. हसता हसता धाकटी कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

निरीक्षक पाव घेऊन पोचले तेव्हा थोरली तिची पाठ चोळत होती.

"ताई," धाकटी नाक पुसत म्हणाली, "मी मांडवात तसं ओरडायला नको होतं गं. पण खरंच अळणी होतं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"मीच आचाऱ्याला सांगितलं होतं मीठ कमी घाल म्हणून. यांचं रक्तदाबाचं नुकतंच निघालं होतं. हे पंगतीत बसणार आणि चोरून सगळं खाणार. म्हटलं, सगळ्यांचंच कमी घालावं. चारशे माणसं जेवून गेली, 'छान झालं' म्हणून गेली. खरं बोललीस तेवढी तू एकटी. त्याचाच राग आला मला."

सहा वर्षांच्या अबोल्याचं कारण पाव हातात धरून उभं होतं. त्याने पावाचे दोन तुकडे केले आणि दोघींच्या हातात दिले. दोघींनी ते कोरडेच खाल्ले आणि खाता खाता धाकट्या साडूंबद्दल इतकं काही बोलल्या, की सहा वर्षांची बाकी तिथेच फिटली. साडू तिकडे झाडाखाली एकटेच होते. वाइनचा श्वास अजून चालू होता.

सासूबाईंची शस्त्रक्रिया झाली. आदल्या संध्याकाळी दोघी उशाशी बसल्या आणि सुरू झाल्या. मांडव, आचारी, कुत्रा, मधल्या सहा वर्षांत आलेले सगळे पाहुणे आणि त्यांनी नेसलेली लुगडी. सकाळी डॉक्टर आले तेव्हाही बोलतच होत्या. म्हातारीने त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "अहो, ती भूल जरा लवकर द्या." आता ती काठीशिवाय चालते, आणि मुली आल्या की जरा जास्तच वेगाने चालते.

निरीक्षक ही हकीकत आता बैठकीत, बागेत, लग्नकार्यात सांगतात. एका गाजराशी लोकांना हसू आवरत नाही, थुंकीच्या भांड्याशी डोळ्यांतून पाणी येतं, कुत्र्याशी पोट धरून वाकतात. "काय एकेक वेडे असतात हो!" म्हणतात. मग पांगापांग झाली की त्यांतला एकेक जण मागे रेंगाळतो, निरीक्षकांना हळूच कोपऱ्यात घेतो आणि खालच्या आवाजात विचारतो, की त्या हॉटेलात टेबल मिळायला साधारण किती आधी सांगावं लागतं.

इथवर वाचताना आपणही हसलाच असाल. तेव्हा संकोच नको: ऐन हंगामात चार महिने, आणि खिडकीजवळचं हवं असेल तर सहा.