बनसोडेबाई आणि कोमट पाणी

बनसोडेबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी बाथरूममध्ये शिरत. पाय धुवायला नव्हे. नळाखाली पेला धरून त्यात थर्मामीटर बुडवायला. यजमान पोह्यांची बशी घेऊन ताटकळत. आतून आवाज येई, "कोमट! अहो, हे पाणी आहे की पाप?"

शिरूरच्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. बाई रोज दौंडहून एसटीनं येत. इमारतींच्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू आहे का, हेही आम्ही तपासायचो. तो कोमट, साचल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात शिरून न्यूमोनिया करतो. दोन हजार सालच्या आसपास आमच्याकडे हे नाव कुणी ऐकलंही नव्हतं. लोकांना वाटे, बाईंचंच काहीतरी बिघडलंय.

एकदा एका कारखान्यातून बोलावणं आलं. परदेशी इंजिनियर येणार होते, म्हणून गेस्टहाउसचं पाणी तपासायचं होतं. नमुने घेऊन झाल्यावर बाईंनी मॅनेजरला विचारलं, "कामगारांच्या बाथरूमचं काय?"

"त्यांचं कुणी मागितलेलं नाही, मॅडम."

बाई चिडल्या की पुस्तकी मराठी गळून पडे. "व्हय का? सायबाला फुप्फुसं, आन् कामगाराला काय भोपळं हायेत?"

मॅनेजर हसला. तिथंच तो चुकला. बाईंनी बाटल्यांचं खोकं त्याच्या केबिनच्या दारात ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं. येणारा-जाणारा विचारी, "काय झालं?" बाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या कारखान्याला लिजिओनेला पाठ झाला. मॅनेजरनं हात टेकले.

निकाल लागायला दहाएक दिवस गेले. गेस्टहाउस स्वच्छ, कामगारांच्या शॉवरमध्ये जंतूच जंतू.

"रिपोर्ट जरा सौम्य करता येईल का?" मॅनेजरचा फोन आला.

"रिपोर्ट म्हंजी काय आमटी हाय, पाणी घालून वाढवायला?"

शॉवर बंद झाले, टाकी घासली गेली, कढत पाणी सगळ्या नळांतून सोडलं गेलं. तोवर कामगारांना ऐन थंडीत गार पाण्यानं अंघोळी कराव्या लागल्या. फेरतपासणीला गेलो तेव्हा एक जण फणकारला, "बाई, तुमच्यापायी गारठून मेलो की!"

"मेला न्हाईस, म्हणून तर बोलतुयास!" बाई दुप्पट आवाजात ओरडल्या.

पाणी चांगलं निघालं. आभार कुणीच मानले नाहीत.

पुढं एका रविवारी मी दौंडला गेलो होतो, तेव्हा बाईंकडे डोकावलो. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते वारल्यापासून बाई एकट्याच राहत. दार उघडंच होतं. मुलाच्या खोलीतल्या बाथरूममध्ये शॉवरची जाळी काढून, पाण्याची नळी बादलीत सोडून बाई उभ्या होत्या.

"वापर नसला की पाणी साचतं. दर रविवारी सोडते."

मुलगा परदेशी होता. मी विचारलं, "कधी येतोय?"

"ठरलं नाही अजून." इतका खालचा आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. "आला की तासभर शॉवरखाली उभा राहतो. दार वाजवलं तरी बाहेर येत नाही."

खुंटीवर धुतलेला टॉवेल होता. बादली भरून वाहायला लागली, तसा मी नळ बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "अजून थोडं जाऊ दे."