मामंजी झोपलेत

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तिखटमिठाचा डबा मी या वेळी उघडलेलासुद्धा नाही.

पेपरात नाटकांवर लिहिणारे एक टीकाकार होते. सगळे त्यांना कात्री म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. कात्रींनी बरं म्हटलं की नाटक चालायचं, नाक मुरडलं की त्याचा गाशा गुंडाळला जायचा. आता गुपित सांगते, ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. थिएटरात अंधार झाला की कात्रींचा डोळा लागायचा, तो थेट टाळ्यांनीच उघडायचा. मग घरी येऊन ते झोकात लिहायचे, "नटमंडळी फार ओरडतात." त्यात खोटं काही नव्हतं. त्या ओरडण्यानं बिचारे झोपेतसुद्धा दचकायचे!

त्या शुक्रवारी ते एका दिग्दर्शकबाईंच्या नव्या नाटकाला निघाले. दोन भाऊ घराच्या वाटणीवरून भांडतात, असं नाटक. बाईंनी जीव ओतला होता, पण निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. मॅनेजरनं बजावलंच होतं, "रविवारी हॉल भरला नाही, तर सोमवारपासून जादूगाराला देणार."

"चष्मा घेतलात?" बायकोनं दारातून विचारलं. "आणि उशी?"

"मी कामाला चाललोय!"

"म्हणून तर विचारलं."

कात्री जरा लवकरच पोचले. पुढचं दार बंद, म्हणून मागच्या दारानं आत शिरले. अंधारात चाचपडताना हाताला एक मऊशार आरामखुर्ची लागली, वर शालही. मागच्याच लेखात त्यांनी लिहिलं होतं की या थिएटरच्या खुर्च्या माणसाच्या पाठीचं वाटोळं करतात. 'सुधारले म्हणायचे!' असं मनाशी म्हणत ते बसले. शाल गळ्यापर्यंत ओढली आणि गाढ झोपी गेले.

खुर्ची स्टेजवरची होती. पडदा उघडला. सुनेचं काम करणारी नटी चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि जागच्या जागी थिजली. विंगेतून दिग्दर्शकबाई हातवारे करत होत्या, "उठवू नका! उठले तर लिहितील!"

नटी हुशार. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला हं. मामंजी झोपलेत."

झालं! एरवी छप्पर उडेल असा ओरडणारा थोरला भाऊ कुजबुजत म्हणाला, "घर माझं आहे."

"तुझ्या बापाचं आहे का?" धाकटा दातओठ खात कुजबुजला.

"बापाचंच आहे! हळू बोल, जागा होईल!"

लोक हसून हसून खुर्चीतून खाली यायचे बाकी राहिले. शेवटच्या टाळ्यांनी कात्रींचे डोळे उघडले. बघतात तो सगळा हॉल आपल्याकडेच तोंड करून टाळ्या वाजवतोय! अखेर लोकांना टीकेची किंमत कळली, असं वाटून ते उठले आणि ऐटीत मान तुकवली.

बातमी गावभर झाली. रविवारची तिकिटं बघता बघता संपली. दिग्दर्शकबाई कात्रींच्या घरी आल्या.

"रविवारी याच. फक्त झोपायचंय."

"अहो बाई, मी टीकाकार! नट नव्हे!"

"जा हो," आतून बायको म्हणाली. "नाहीतरी कोचावर लोळणारच आहात."

कात्रींनी आढेवेढे घेतले, पण मनातून खूश. आरशासमोर तालीमसुद्धा केली. डोळे मिटल्यावर आरशात काय दिसणार, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी हॉल खच्चून भरला. पडदा उघडला आणि कात्रींची झोप उडाली. एवढी माणसं टक लावून बघत असताना झोप यायची कशी? घाम फुटला, नाकाला खाज सुटली. शेवटी ते घोरू लागले.

"खोटं घोरताय!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "मला ओळखू येत नाही होय?" बायकोच होती. हॉलमध्ये खसखस पिकली. कात्री लाजेनं अर्धे झाले. विंगेत बाईंनी डोक्याला हात लावला. नाटक आता पडतंय की काय!

करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून कात्री ऐकू लागले. आयुष्यात पहिल्यांदा, अख्खं नाटक. सून त्यांच्या पायाशी बसली आणि दोघा भावांना हळूच म्हणाली, "घर वाटाल हो, पण यांची ही निवांत झोप कुणाच्या वाटणीला टाकणार?"

कात्रींना राहवलं नाही. ते उठून बसले. डोळ्यांतून धारा. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्यांचा असा कडकडाट की बस. मॅनेजरनं तिथूनच जादूगाराला नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, "आजवर मी नाटकं झोपेत पाहिली. माफी असावी. हे नाटक जागेपणी बघा."

पुन्हा स्टेजवर जायला मात्र कात्रींनी साफ नकार दिला. त्यांना आता बघायचं होतं. बाईंनी मग त्यांचा फोटोच स्टेजवरच्या भिंतीवर टांगला. पुढच्या प्रयोगाला कात्री प्रेक्षकांत बसून टक्क जागे राहून बघत होते. नटीनं फोटोकडे पाहिलं, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "गेले हो मामंजी. झोपेतच गेले."

सगळ्यात मोठ्यानं कात्रीच हसले.

आता एवढं सगळं खरं सांगितल्यावर एक कबूल करते. पेपरातली ती माफी माझ्या पदरची. टीकाकार कधी चूक छापून कबूल करतो का? त्यांनी लिहिलं होतं एवढंच, "नाटक ठीक आहे. मामंजींचं काम मात्र केवळ अप्रतिम."