न मळलेलं पीठ

घरात दोन बायका आणि दोघींच्याही हातून कणीक मळली जात नाही, अशी इंदिरानगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची दोन हजार आठच्या मार्चमध्ये अवस्था झाली होती. सून छाया ती शिकवायची त्या शाळेच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मुरगळून घेऊन आली. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधलं आणि कणीक, लाटणं, बादली सगळं सहा आठवडे बंद सांगितलं. सासूबाई लंकाबाईंचे दोन्ही अंगठे संधिवातामुळे दोन वर्षांपूर्वीच संपावर गेले होते. राहता राहिला छायाचा नवरा ज्ञानेश, कोर्टातला कारकून. त्याने एकदा कणीक मळली. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी घातलं, आणि असं करत करत तिघांच्या घरात अकरा माणसांची कणीक तयार झाली. दुसऱ्या दिवसापासून तो कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणू लागला.

त्या पोळ्या काही वाईट नव्हत्या. पण लंकाबाईंच्या घशाखाली उतरेनात. मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी चाळीस वर्षं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या होत्या आणि वर दहा माणसांचं रांधलं होतं. गेल्या वर्षी पुंजाजी, म्हणजे त्यांचे यजमान गेले, तेव्हा मळा धाकट्या मुलाकडे राहिला आणि ज्ञानेशने त्यांना शहरात आणलं.

"सुनेचा हात दुखतोय आन् सासू घरात असून पोळी दुकानातून येती," त्या शनिवारी दुपारी म्हणाल्या. "मग मी हिथं कशाला हाय? शोभेला? ज्ञाना, उद्या मला गावी सोड."

'गावी' म्हणजे सिटी बसने पाऊण तास. पण लंकाबाईंनी पिशवी अशी भरली, की आता पुढची भेट कुणाच्या तरी लग्नातच.

छायाला ते फार लागलं. शाळेतून आल्यावर दार आतून उघडतं, याची तिला वर्षभरात सवय झाली होती. पण "जाऊ नका, मला करमायचं नाही" असं सासूला तोंडावर सांगण्याची पद्धत त्या घरात नव्हती. त्या घरात माया काय ती ताटातूनच वाढली जायची. म्हणून छाया रद्दी उपसत बसली. आणि तिला रविवारच्या पुरवणीचं एक पान सापडलं: 'न मळता बनवा घरच्या घरी हर्ब ब्रेड'.

न मळता! छायाने तो मथळा दोनदा वाचला. मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट आणि पाणी चमच्याने ढवळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं. दिवाळीत घेतलेल्या ओव्हनमध्ये आजवर फक्त एक केक जळला होता, त्याचीही भरपाई होणार होती. पाककृतीच्या शेवटी मात्र लिहिलं होतं, 'सकाळी पीठ तेल लावलेल्या ताटात काढून तासभर ठेवावे आणि मग दोन्ही... उर्वरित मजकूर पान चारवर.'

पान चार घरात कुठेच नव्हतं.

"मग दोन्ही काय?" छायाने विचारलं.

"दोन्ही बाजूंनी भाजावे," ज्ञानेश कागद निरखत म्हणाला. "किंवा दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घ्यावे."

"अहो, चेष्टा नको."

तिने डाव्या हाताने पीठ ढवळलं, पातेल्यावर पांढरा पंचा टाकला. लंकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हे मळणार कवा?"

"मळायचंच नाही, आई. सकाळपर्यंत असंच ठेवायचं."

"रातभर? अगं, मळलेलं पीठ रातभर ठिवू नाय."

"मळलेलं ठेवू नये ना? हे मळलेलं कुठंय?"

उभ्या आयुष्यात लंकाबाईंना नियमावर बोट ठेवून कुणी असं अडवलं नव्हतं.

"मुद्दा बरोबर आहे," ज्ञानेशने आतून निकाल दिला.

"तू गप ऱ्हा," लंकाबाई म्हणाल्या. "आन् ह्यात तो इंग्रजी पाला कसला सांगितलाय म्हन?"

"रोझमेरी. ती नाही मिळाली. कुंडीतली ओव्याची पानं घालीन आणि भावजींनी मळ्यातून पाठवलेली लसणाची पात."

"ती बरी हाय," असं म्हणून त्या गेल्या. जाताना पंच्याकडे एकदा वळून पाहिलं.

सकाळी पातेल्यातलं पीठ दुप्पट झालेलं होतं. रविवारी नऊला भारनियमन सुरू व्हायचं, म्हणून छायाने सातलाच पीठ ताटात काढलं, वर पंचा झाकला आणि ती आंघोळीला, शाळेच्या वह्यांना, इकडच्या तिकडच्या कामांना लागली. सव्वाआठला ओव्हन तापवून तिने पंचा उचलला आणि ओरडली.

ताटभर भोकं होती.

ज्ञानेश ब्रश तोंडात धरूनच धावत आला. "मांजर आलं वाटतं गॅलरीतून."

छायाने वाकून पाहिलं. खळ्यांच्या चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत आठ खोल आणि दोन उथळ. "मांजराला अंगठे नसतात," ती हळूच म्हणाली, "आणि असले तरी दुखत नसतात."

लंकाबाई पिशवीजवळ बसल्या होत्या. नऊवारीच्या पदराने बोटं पुसत होत्या, ती काही पुरती स्वच्छ होत नव्हती.

"आई, का हो असं केलंत?" छायाचा आवाज चढला. "मी तुमच्यासाठी..."

"माझं चुकलं," लंकाबाई म्हणाल्या. "बघाय गेले तर मधोमध फुगून वर आलेलं. गोल, पांढरं, गुळगुळीत. वरून पांढरा पंचा. गेल्या साली ह्यांच्या दहाव्याला घाटावर पिंड बघितला ना, तस्साच. मला ऱ्हावलं नाय. आमच्यात उरल्या कणकेवर बोटं उमटवत्यात. बोट उमटलं की मग ते जित्या माणसाचं जेवण होतं."

छायाचा राग जिथल्या तिथे विरला. तिलाही आठवला तो घाट, आणि सगळं आटोपेपर्यंत एक शब्द न बोलता उभ्या राहिलेल्या लंकाबाई. ज्ञानेश ब्रश घेऊन मोरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

पीठ परत फुगवायला वेळ नव्हता. छायाने वरून तेल ओतलं, ते त्या खळ्यांत साचून राहिलं. ओव्याची पानं आणि लसणाची पात टाकली, तीही खळ्यांत जाऊन बसली. ताट ओव्हनमध्ये सरकवून ती स्टुलावर बसून राहिली. नऊ वाजता लाईट गेली. ओव्हनचा लाल दिवा विझला, पण तोवर घरभर असा वास सुटला होता, की शेजारच्या कमळाबाई "कुणाचं बारसं-बिरसं आहे का?" असं विचारून गेल्या.

ब्रेड वरून सोनेरी आणि खळ्यांत तेलाने चमकणारा झाला होता. पहिला तुकडा लंकाबाईंनी खाल्ला. "चावाय जड हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा उचलला.

एवढ्यात धुणंभांड्याला कुसाबाई आली. ओट्यावरचं पुरवणीचं पान बघून म्हणाली, "वहिनी, ह्याचंच दुसरं पान मी मसाल्याच्या डब्यांखाली हातरलंय की."

डबे धडाधड खाली आले. हळदीचा गोल डाग पडलेलं पान चार ज्ञानेशने खिडकीशी नेऊन कोर्टातल्यासारखं खणखणीत वाचलं. "'...हातांची बोटे पिठात तळापर्यंत रोवून खळ्या कराव्यात. या खळ्या हीच या ब्रेडची खरी ओळख. खळ्या न केल्यास ब्रेड बिघडतो.'"

मग लंकाबाईंनी विचारलं, "पेपरात छापलंय?"

"छापलंय, आई."

"बघ," त्या छायाला म्हणाल्या. मग पिशवीकडे बघत थोड्या घुटमळल्या. "तुझा हात बरा होईस्तोवर ऱ्हाते. ह्या पिठाला दोन हात लागत्यात आन् तुझा एकच चालू हाय. हात बरा झाला की जाईन."

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिलं आणि बँडेज काढायला सांगितलं. छायाने ते काढलं, गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि घरी जायच्या आधी जिन्यातच परत बांधलं. मे गेला, जून लागला. दर शनिवारी पीठ ढवळलं जाई आणि रविवारी सकाळी छाया ताट पुढे करून म्हणे, "आई, माझ्याच्यानं नाही हो होत."

जुलैतल्या एका रविवारी घाईत ते बँडेज डाव्या हातावर बांधलं गेलं. ताट पुढे करताना ते छायाच्या ध्यानात आलं आणि ती जागच्या जागी थिजली.

लंकाबाईंनी डाव्या हाताकडे पाहिलं. मग मोकळ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"दुखतोय का गं अजून?"

"हो... थोडा."

"दुखायचाच," लंकाबाई म्हणाल्या. "असलं दुखणं लवकर बरं होत नाय." आणि त्यांनी बाह्या सारून दहाही बोटं पिठात रोवली.