रबरातला जावई

माणसं धावायला लागतात त्यामागे काहीतरी भारदस्त कारण असतं. कुणाला डॉक्टरांनी दम दिलेला असतो, कुणाची पँट कमरेत होत नसते. मी धावायला लागलो ते दुधामुळे.

त्याचं असं झालं. सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. 'आले' म्हणजे बायकोनं आणले. स्वतःहून कुठे जाण्या-येण्यातलं त्यांचं लक्षच उडालं होतं. हॉलमध्ये खिडकीजवळ एक खुर्ची होती, तिच्यात ते खिडकीकडे पाठ करून बसायचे. (आम्ही खुर्ची उजेडाकडे फिरवून ठेवली की ते उठून पुन्हा होती तशी करायचे. तेवढाच त्यांना व्यायाम.) टीव्ही लावला तर म्हणायचे, "असू दे." बंद केला तरी, "असू दे." घरात मोकळेपणानं आवाज करणारा एकटा फ्रिज उरला होता.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिच्या कामाच्या वेळा आज एक, उद्या दुसरी. म्हणजे संध्याकाळी घरात बहुतेक मी आणि अप्पा. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, त्यामुळे घरी आल्यावर मला शांतता लागते, हे खरं. पण ही शांतता तशी नव्हती. ही मांडीवर येऊन बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही.

तर एके संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरलो. दूध घेतलं आणि ठरवलं, आज जरा लांबच्या रस्त्यानं परत जाऊ. बस्स, एवढाच तो निर्णय. बागेला वळसा घातला, शाळेच्या मागून आलो, तर इमारतीची लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझी जीभ बाहेर आली होती. बायको नुकतीच कामावरून आली होती. तिनंच दार उघडलं.

"धावून आलास?"

बोलायला श्वास शिल्लक नव्हता. मी मान हलवली. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी जरासा उजळला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "या घरात कुणीतरी हलतंय तरी."

दुसऱ्या दिवशी तिनं मला बूट आणले. नारिंगी. आता असे बूट पायात घालून माणूस फक्त दोनच गोष्टी करू शकतो: धावू शकतो किंवा लपू शकतो. मी धावलो.

आणि मला एक शोध लागला. नवरा संध्याकाळी घरी न येता नुसता बाकावर बसून राहिला तर लोक म्हणतात, याचं घरी पटत नाही. तोच माणूस अर्ध्या चड्डीत घामाघूम होऊन त्याच बाकावर धापा टाकत बसला तर लोक म्हणतात, वा! घराबाहेर राहण्याचा एवढा प्रतिष्ठित मार्ग दुसरा नाही. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, बूट बदलायचे, खुर्चीकडे न बघता "अप्पा, येतो," म्हणायचं आणि सुटायचं. आतून "असू दे" ऐकू यायच्या आत मी जिन्यात असायचो.

अशानं माणूस मॅरेथॉनपर्यंत पोचतोच. मीही पळालो एक. पूर्ण केली, असंही म्हणता येईल. मी शेवटच्या वळणावर आलो तेव्हा दोन माणसं शेवटच्या रेषेवरची हवेनं फुगवलेली कमान उतरवून तिची घडी घालत होती. त्यातला एक म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, टेम्पो मागे घ्यायचाय."

त्यानंतर गुडघा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, नुसतं धावू नका, थोडं पोहा, थोडी सायकल चालवा. (ते 'किंवा घरी बसा' असंही म्हणाले होते. पण ते मी घरी सांगितलं नाही.) पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात केलं की त्याला ट्रायथलॉन म्हणतात, हे मला तरण तलावावरच्या कोचनं सांगितलं. कोच म्हणजे नुसती छडी. उन्हात उभा राहिला तर सावली पडेल की नाही अशी शंका यावी. नुसत्या धावण्यानं माझी संध्याकाळ खाल्ली होती, या तिघांनी मिळून रविवारही खाल्ला. मला तेच हवं होतं, म्हणून एका शर्यतीत नावही घातलं.

"शर्यतीतलं पोहणं तळ्यात आहे," कोच म्हणाला. "पाणी गार असतं. रबरी सूट सक्तीचा. माझा घेऊन जा, पण आधी घरी घालून बघ."

तर एका रविवारी दुपारी, बायको ड्यूटीवर आणि अप्पा खुर्चीत असताना, मी बेडरूमचं दार लोटलं आणि तो सूट पिशवीतून काढला. घोट्यापासून गळ्यापर्यंत काळं, जाड रबर. मी हातपाय कोंबून आत शिरलो. आरशात पाहिलं तर चेन पोटावर आणि गळा आवळलेला. उलटा घातला होता. काढून सुलटा घातला, तोपर्यंत मी घामानं इतका निथळत होतो की शर्यतीतला पोहण्याचा भाग तिथेच झाल्यासारखा वाटला. चेन आता पाठीवर आली. तिला एक लांब पट्टी असते, ती खांद्यावरून ओढायची. मी ओढली. चेन अर्ध्यापर्यंत सरसर आली, माझा बनियन तोंडात धरला आणि थांबली.

वरही जाईना, खालीही येईना. रबराच्या ताणानं माझे दोन्ही हात अंगापासून लांब, ताठ झाले होते. टेबलावरचा फोन घ्यायला वाकलो तो तोल गेला आणि पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत पालथा पडलो. फोनही पडला, पण तो नशीबवान, उताणा पडला. बोटानं कसंबसं बायकोला लावला.

"मी अडकलोय."

"ट्रॅफिकमध्ये?"

"नाही. रबरात."

पलीकडे कुठलंसं मशीन गरगरत होतं. मग ती म्हणाली, "कुणाच्या?"

"कोचच्या."

"हे बघ, माझ्यापुढे लोकांचं रक्त आहे. नीट काय ते सांग, नाहीतर ठेव."

नीट सांगण्यासाठी मी छाती भरून श्वास घ्यायला गेलो, आणि तिथेच चुकलो. रबरानं अर्ध्यातच ब्रेक लावला. मी काहीतरी घुसमटल्यासारखं बोललो.

"अप्पांना हाक मार," ती म्हणाली. "निघते मी." आणि फोन ठेवला.

अप्पांना हाक मार. किती सोपं! सासूबाई गेल्यापासून मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. 'येतो' म्हणणं म्हणजे काही हाक नव्हे.

"अप्पा!" मी फरशीला तोंड लावून ओरडलो. "अप्पा हो!"

बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला. दार ढकललं गेलं.

"कोण आहे?"

"मी, अप्पा!"

"मी कोण?"

"जावई!"

"जावई या वेळी घरी नसतात," अप्पा ठामपणे म्हणाले.

"आज आहे!"

त्यांनी काठीचं टोक माझ्या बरगडीत खुपसून पाहिलं. मी "आई गं!" म्हणून ओरडलो.

"आवाज तर त्यांचाच आहे," अप्पा स्वतःशीच म्हणाले. "जावईबापू, हे काय नेसलात?"

मी सांगितलं. त्यांनी वाकून पट्टी ओढली. मी पट्टीबरोबर थोडा वर उचलला गेलो आणि पुन्हा खाली आपटलो. दुसऱ्यांदाही तसंच.

"कात्री आणू?"

"नको! दुसऱ्याचा आहे सूट."

"दुसऱ्याचं अंगात घालावंच कशाला माणसानं," म्हणत ते दमून पलंगाच्या कडेला बसले. त्यांचे पाय माझ्या तोंडाशी आले. पायांत मोजे होते. एक काळा, एक तपकिरी. किती दिवस ते असे घालत होते कोण जाणे. मी घरी असतो तर मला कळलं असतं.

 

"तिच्या ब्लाऊजला मागून हुक असायचे," अप्पा एकदम म्हणाले.

मला वाटलं, मला भास होतोय. (रबरानं मेंदूला रक्त कमी जातं, असं कोच म्हणाला होता.)

"शेवटी शेवटी तिचे हात मागे जात नव्हते. मग मीच लावायचो. माझी बोटं ही अशी, केळ्यांसारखी. एक हुक चुकला की खालचे सगळे चुकायचे. ती चिडायची. म्हणायची, आयुष्यभर खुर्चीत बसलात, एक हुक लावता येत नाही. मी म्हणायचो, तू श्वास सोड आधी. ती सोडायचीच नाही. हट्टी."

 मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला.

"श्वास सोडा, जावईबापू."

"सोडलाय."

"सगळा सोडा. शेवटचा थोडा माणूस आत दाबून ठेवतो. तोही सोडा."

मी सोडला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काहीतरी टर्रकन फाटलं, देवाच्या कृपेनं बनियन, आणि चेन खाली आली. पाठीला वारा लागला. जन्माला येताना माणसाला काय वाटत असेल ते मला कळलं. तेव्हाही तो रडतोच.

पण रडत मी नव्हतो. अप्पांचा हात पाठीवर तसाच होता आणि थोड्या वेळानं पाठीवर एक थेंब पडला. मग आणखी एक. नको तेव्हा नको ते बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी म्हणालो, "घाम आला का, अप्पा? पंखा लावू?"

"असू दे," अप्पा म्हणाले.

नंतर नाक ओढत त्यांनी विचारलं, "रोज जाता ते माझ्यामुळेच ना?"

खोटं बोलायला निदान तोंड फरशीपासून सुटं असावं लागतं. 

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मलाही माझ्याबरोबर बसवत नाही तिथे. पण मी कुठे पळू? माझे गुडघे गेले."



तेवढ्यात बायको धावत आली. पलंगावर रडणारे वडील आणि फटीत पसरलेलं काळं धूड पाहून ती किंचाळली, "अप्पा पडले?"

"मी पडलोय!"

"तुझं काय, तू रोजच पडतोस!" ती म्हणाली. मग तिनं वडिलांचा चेहरा नीट पाहिला आणि मटकन खाली बसली. आई गेली तेव्हा दवाखान्यात, नंतर घरी, कुठेच ती रडली नव्हती. आता माझ्या पायातून ते रबर ओढता ओढता रडली, अगदी हुंदके देऊन, आणि मध्ये मध्ये मला शिव्या देत होती. अप्पाही द्यायला लागले. दोघांना एकमेकांकडे बघून रडता येत नव्हतं, म्हणून दोघं माझ्याकडे बघून चिडत होते. तेवढा उपयोग झाला माझा.

त्यानंतर घर काही आनंदानं भरून वगैरे गेलं नाही. अप्पा अजून तसेच बसतात. सासूबाईंची जागा कुणी भरून काढली नाही. ती भरून निघायची नसतेच. मी मात्र काही संध्याकाळी जातो, काही संध्याकाळी समोर खुर्ची ओढून बसतो. आम्ही फारसं बोलत नाही. मोजे मात्र मी बघतो.

शर्यतीच्या सकाळी अप्पा आपणहून म्हणाले, "मी येतो बघायला." बायकोनं तळ्याकाठी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, अंगावर शाल घातली. भोंगा वाजला. सगळे पाण्यात पडले, मीही पडलो. पहिल्या काही हातांतच पाय कुणीतरी धरला. तो पाणगवताचा झुपका होता, पण मला ते नंतर कळलं. मी बचावाच्या होडीला मिठी मारली. नियम असा आहे की होडीला धरून श्वास घेता येतो, पण होडीत चढलात की शर्यतीतून बाद.

मी चढलो.

होडीवाल्यांनी मला काठावर आणून सोडलं, चंदेरी कागदात गुंडाळलं आणि मी फरफटत आमच्या माणसांकडे आलो. बाकीचे एव्हाना तळ्यातल्या बेटामागे वळले होते. समोर नुसतं पाणी होतं, चिटपाखरूही नाही. बायकोनं काही न विचारता टॉवेल पुढे केला.

"झाली?" अप्पांनी विचारलं.

"झाली, अप्पा. माझी झाली."

"आणि तुमच्या आधी कुणी आलं नाही?"

"नाही."

अप्पांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग त्या रिकाम्या तळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. आणि बायकोची बाही ओढून, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, काळजीच्या सुरात विचारलं, "बाकीचे सगळे बुडाले का गं?"