आबांचं डोकं आणि शेवंताबाईची खानावळ

धुळ्यात कुठे काय घ्यावं, हे सुकदेवाला विचारावं. कुणाची छत्री वाऱ्यात उलटत नाही, कुणाची धोतरजोडी पहिल्या धुण्यात आखडून पंचा होत नाही, कोण वहाणेला नीट टाके मारतो, सगळं त्याला तोंडपाठ. "जोडा घेताना घट्टच घ्या," तो सांगायचा, "चामडं आणि सासर हळूहळूच सैल होतं. आणि जेवायचं तर पांझरेचा पूल उतरून शेवंताबाईच्या खानावळीत. दुसरीकडे जेवलात तर मला तोंड दाखवू नका."

शिंदखेड्याकडच्या त्या गावात बाजाराला निघणारा प्रत्येक पुरुष आधी सुकदेवाच्या ओट्यावर टेकायचा. टेकत नसे फक्त एकजण, आणि तो त्याच घरात राहायचा. सुकदेवाचा सासरा, लोटन आबा.

सुकदेव घरजावई. धुरपदाच्या मांडीवर दोन लेकरं खेळून अंगणात उतरली, तरी आबांनी त्याला कुंपणाबाहेरचं काम कधी सांगितलं नव्हतं. मिठाचा खडा आणायचा तर आबा स्वतः काठी घेऊन निघत. धुरपदाच्या धाकट्या बहिणीचा, लताचा, साखरपुडा साक्रीकडे झाला, तेव्हाही सगळं घर बैलगाड्यांत बसून गेलं आणि सुकदेव व्यायला झालेल्या म्हशीपाशी राहिला. म्हैस त्या दिवशी व्यालीच नाही.

पण दैव फिरतं म्हणतात, ते कधी कधी वासराच्या पायांनी फिरतं. लग्न तोंडावर आलं आणि आबांच्या पावलावर बैलाचा खूर पडला. पाऊल फुगून डेऱ्याएवढं झालं. वैदूनं सांगितलं, लग्नापर्यंत हे जमिनीला लावायचं नाही. आबा खाटेवर पडले, आणि त्याच दुपारी खुंटीवरचं त्यांचं बांधीव पागोटं वाऱ्यानं खाली आलं ते वासरानं चघळून टाकलं. त्याच वेळी आत जात्यावर लग्नाची हळद दळताना धुरपदा गात होती,

बाप माझा गं उभा, मांडवाच्या दारी,
पागोट्याच्या पेचावरी, उन्हं उतरली सारी.

गाणं माजघरात राहिलं आणि पागोटं वासराच्या पोटात गेलं.

"उघड्या डोकानं मी याहीना गळामा पडू?" आबा खाटेवरून गरजले. "त्यापेक्षा मांडवच उखाडी टाका."

व्याह्यांची भेट म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दोन बाप बायकापोरांसमोर एकमेकांना मिठी मारतात, तेव्हा लोक चेहरे बघत नाहीत, डोकी बघतात. आबांनी जन्मात स्वतःच्या हातानं पागोटं बांधलं नव्हतं. धुळ्याचा पगडबंद त्यांच्या डोक्यावर ते बांधून द्यायचा, आणि मग वर्षानुवर्षं ते टोपीसारखं नुसतं उचलून ठेवायचं. आता डोकं धुळ्याला जाऊ शकत नव्हतं.

"माप न्यायचं," सुकदेव म्हणाला.

"सुतळीचं?" आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की सुतळी जळावी. "सुतळी ओढली की वाढते, भिजली की आखडते. आणि डोकं काय बांगडी शे, नुसतं गोल मोजायला?"

त्यांचं खरंच होतं. आबांचं डोकं मोठं, कानांवर थोडं दबलेलं, आणि मागे मुठीएवढा उंचवटा. सुकदेवानं स्वतःच्या नारळाएवढ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याची नजर कुडावरच्या वेलाकडे गेली. वेलावर डांगरं लटकत होती, तुम्ही ज्यांना लाल भोपळे म्हणता ती.

अख्खी आळी कामाला लागली. एकेक डांगर खाटेपाशी यायचं, आबांच्या शेजारी धरलं जायचं आणि नापास व्हायचं. एक बारीक, एक चपटं, एकाला आबांपेक्षा हसरा आकार. शेवटी एक सापडलं. वना न्हाव्यानं डोळे मिटून एक हात आबांच्या डोक्यावर ठेवला आणि एक डांगरावर. वर्षानुवर्षं तो आबांची हजामत करत आला होता. बराच वेळ त्यानं दोन्हीकडे चाचपलं.

"बठ्ठं जुळस, आबा," तो म्हणाला. "मागलं टेंगूळसुद्धा."

आबांनी डांगर मांडीवर घेतलं, एकदा गोंजारलं आणि सुकदेवाच्या हाती दिलं. "जवाई, हाई मनं डोकं शे. सांभाळीसन लई जा."

आबांनी सांगितलेलं पहिलं काम. वाटेत त्यानं ते डांगर खाली ठेवलं नाही. सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन, दोन्ही पंजे दोन्ही बाजूंना लावून, खड्डा आला की स्वतः उसळायचा पण डांगर हलू द्यायचा नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "इतकं जपून कुठे नेता?" सुकदेव म्हणाला, "सासरे आहेत." म्हातारा सरकून बसला.

धुळ्यात पगडबंद झुलालचं दुकान बंद. दुपार कलल्यावर उघडेल, असं शेजारी म्हणाले. पोटात कावळे ओरडत होते. सुकदेव अर्थातच शेवंताबाईकडे गेला. पंगत भरलेली. ताट-लोट्यांच्या गर्दीत डांगराला कुणाचा गुडघा लागला तर? म्हणून त्यानं ते स्वयंपाकघराच्या दारातून आत दिलं आणि म्हणाला, "शेवंताबाई, हे तुमच्यापाशी असू द्या."

आता आमच्याकडची रीत अशी, की शेतकरी माणूस ओळखीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही. हंगामातलं काहीतरी नेतो, हरभरा म्हणा, चार वांगी म्हणा. त्याला वानोळा म्हणतात. सुकदेव दर खेपेला शेवंताबाईकडे वानोळा नेत आला होता. त्यामुळे तिनं डांगर दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि विळीवर ठेवलं.

थोड्या वेळानं पानं वाढली. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि भाजी. अशी भाजी, की पहिल्या घासाला सुकदेवानं डोळे मिटले. गोड, दाटसर, वर तीळ-मिरचीचा झणका. त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. शेजारच्यांना सांगितलं, "म्हणून मी म्हणतो, जेवावं तर इथे." मग आंचवून तो दाराशी गेला.

"शेवंताबाई, माझं डांगर द्या. निघतो."

शेवंताबाईनं पदरानं कपाळ पुसलं. तिचा चेहरा उजळलेला होता. "भाऊ, किती गोड निघालं हो. माहेरच्या परसातलं वाटलं मला. सगळी पंगत तृप्त झाली बघा."

सुकदेव दाराची चौकट धरून खाली बसला. सासऱ्याचं डोकं त्यानं खाल्लं होतं, आणि वर मागून खाल्लं होतं.

त्यानं सगळं सांगितलं. शेवंताबाईचा हात तोंडाशी गेला. सालं तरी? सालं केव्हाच शेळीनं संपवली होती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते पाहून त्याला रागावताही येईना. रिकाम्या हातानं घरी जायचं, आणि पुन्हा जन्मभर म्हशीपाशी बसायचं? त्यानं स्वतःच्या पंज्यांकडे पाहिलं. ते अजून तसेच होते, बोटं वाकलेली, मध्ये तेवढंच अंतर. गावापासून धुळ्यापर्यंत धरलेलं डोकं हातांतून गेलं नव्हतं.

"शेवंताबाई," तो उठला, "पंगतीत डोकी किती आहेत?"

"म्हणजे?"

तो तसाच हात पुढे धरून पंगतीमागून चालू लागला. जेवणाऱ्याच्या डोक्यावर हळूच पंजे ठेवायचे आणि पुढे जायचं. पहिलं डोकं उभट. दुसऱ्यावर तेल इतकं की हात घसरला. तिसरा माणूस म्हणाला, "आशीर्वाद नको बाबा, ताक द्या." मग कोपऱ्यात एक धिप्पाड गृहस्थ मान खाली घालून मन लावून जेवत होते. सुकदेवानं हात ठेवले. दोन्ही बाजू बरोबर बसल्या. अंगठे मागे सरकवले. उंचवटा होता. सुकदेवाला रडूच कोसळलं.

"काय भाऊ," गृहस्थांनी मान न वळवता विचारलं, "उवा बघता का?"

शेवंताबाई धावत आली. "नाना, रागावू नका, माझ्याच हातून झालंय." आणि तिनं हकीकत सांगितली. नानांनी वाटीतली उरलेली भाजी पाहिली. ती तिसरी वाटी होती.

"अर्धं डोकं तर माझ्याच पोटात आहे," ते म्हणाले. "उरलेल्याची भरपाई करायलाच हवी. चला."

झुलालच्या दुकानात नाना मांडी घालून बसले आणि पेचावर पेच चढू लागले. सुकदेवाचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माणसाची जीभ बाहेर पडते.

"काय सांगू नाना, आमचे आबा. बैलानं पाऊल तुडवलं, तर आधी बैल लंगडला. देवानं डोकं एवढं मोठं दिलं, पण त्यात जावयापुरती जागा ठेवली नाही."

"लग्न कुणाचं?" झुलालनं तोंडातली टाचणी काढून विचारलं.

"मेहुणीचं. मुलाकडचे साक्रीकडचे. मी काही पाहिलेले नाहीत. व्याही भोळा आहे म्हणतात. भोळाच असणार, नाहीतर आमच्या आबांशी सोयरीक कोण करील?"

"आणि नाना, तुमच्याकडे काय?" झुलालनं पेच ओढत विचारलं.

नानांना मान हलवता येत नव्हती. त्यांनी नुसते डोळे वळवले. "मुलाचं लग्न. मुलगी शिंदखेड्याकडची. लोटन आबांची. मुलीचा बाप, आताच कळलं, फार तापट आहे."

सुकदेवाच्या डोळ्यांपुढे लता आली, तिच्या हातांची हळद आली, माजघरातलं गाणं आलं. एक पागोटं मिळवायला तो आला होता, आणि बसल्या बसल्या लग्न मोडून बसला होता.

"नाना," तो कसाबसा म्हणाला, "मुलगी माझ्या तोंडासारखी नाही हो. आणि आबाही तसे नाहीत. खाटेवर पडल्या पडल्या रोज विचारतात, लताच्या सासरी विहीर जवळ आहे ना, तिला पाणी लांबून आणावं लागणार नाही ना. मी बोललो ते माझं दुखणं. त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलंच काम, आणि मी ते भाकरीशी खाल्लं."

नानांचं पोट हलू लागलं. डोकं जागच्या जागी, आणि खालचा सगळा माणूस हसत होता.

"पेच बिघडेल," झुलालनं दटावलं.

"सुकदेवराव," नाना हसू आवरत म्हणाले, "विहीर परसातच आहे, आबांना सांगा. पाव्हण्याचं डोकं झाकायला माझं डोकं कामी आलं, यापेक्षा सोयरीक जवळची ती कुठली? हे आपल्या तिघांत राहू द्या. आता एक सांगा, हा जोडा मला चावतो. तुमच्या धुळ्यात जोडा कुठला घ्यावा?"

सुकदेवाचे डोळे भरले. एवढं वर्षानुवर्षं सगळ्या गावाला सांगितलं, पण इतक्या मनापासून त्यानं कुणाला दुकान दाखवलं नव्हतं. जोडा घेतला, छत्री घेतली, आणि घट्टच घ्या हे यावेळी सांगितलं नाही.

लग्नात आबांना खुर्चीवर बसवून मांडवाच्या दारी आणलं. पागोटं असं बसलं होतं की जणू डोक्यालाच फुटलं होतं. पेचांवर ऊन उतरलं. धुरपदानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदर डोळ्यांना लावला. व्याह्यांनी गळाभेट घेतली. दोन डोकी शेजारी आली, तेव्हा वना न्हावी गर्दीतून एकटक बघत राहिला.

"डांगर कुठे?" आबांनी विचारलं होतं. "पगडबंदानं नमुना म्हणून ठेवून घेतलं," सुकदेवानं सांगितलं होतं. तेव्हापासून आबा येईल त्याला ती युक्ती ऐकवत होते, आणि ती आता पुरती त्यांची स्वतःची झाली होती. व्याह्यांनाही ऐकवली. नाना गंभीरपणे म्हणाले, "वा. असं डोकं कुणाला आहे?"

आबा खूश झाले. भर मांडवात त्यांनी सुकदेवाच्या खांद्यावर हात ठेवला, जन्मात पहिल्यांदा.

"जवाई, परवा पुन्हा धुळ्याले जा. हाऊ पाय सुजना तधपासून जुना जोडा बसस नही. वाफामा दोन दुधी हेरी ठेयेल शेतस. एक डावा, एक उजवा."

सुकदेवानं नानांकडे पाहिलं. नानांनी स्वतःच्या नव्या जोड्याकडे पाहिलं, मग हळूच पुढे वाकून त्याच्या कानाशी म्हणाले,

"डोकं दिलं ते दिलं, सुकदेवराव. पाय माझे लहान आहेत हो."